मडमेची भट्टी

दुपारची गाडी निघून गेली की पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांवर अशी शांतता पसरायची, की शेजारच्या कस्तुराबाईंच्या बरणीत लोणचं मुरतंय तेसुद्धा ऐकू यावं. हेमा नुकती झोपली होती. चार वर्षांची पोर, पण झोपताना मायच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरायची, जणू माय पुढच्या गाडीनं कुठं निघून जाणार आहे. ते टोक एकेक बोट उलगडत सोडवून घ्यायचं हे सुमंगलाचं रोजचं नाजूक काम. शेवटची करंगळी तेवढी उरली होती, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

टक्.

करंगळी पुन्हा मिटली. सुमंगलानं श्वास रोखला. भट्टीत विस्तव नव्हता, खिडकीत वारा नव्हता, मांजर उंबऱ्यावर पाय ताणून पडलं होतं. पुन्हा टक्. मग जरा थांबून लागोपाठ दोनदा, जसं कुणी आत बसून बोटं मोडतंय.

हे तिनं संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं आणि तिथंच चुकलं. बाईमाणसानं घरातली काही दुखणी आपल्यापाशीच ठेवावीत. वीरुपाक्ष स्टेशनात मालबाबू होता. गुदामात आलेलं पोतं भिजलंय, फाटलंय, की वाटेत कुणी आत हात घातलाय, हे त्याला बाहेरून ओळखावं लागे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला वरूनच समजतं, असा त्याचा पक्का ग्रह झाला होता. लग्नाआधी सुमंगलाला एकदाच पाहून त्यानं मुलगी अबोल आहे असं ठरवलं होतं. यावरून त्या ग्रहाची काय योग्यता ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

तो भट्टीसमोर उकिडवा बसला. हेमाच्या कपाळाला लावायचा तसा पालथा हात त्यानं पत्र्याला लावला. मग कान लावला. मग बराच वेळ काही बोलला नाही, कारण वैद्य लगेच बोलला तर रोग हलका वाटतो.

"निरोगी भट्टी बोलत नसती," तो शेवटी म्हणाला. "ही बोलायली, म्हंजी हिचं काहीतरी बिघडलंय."

"बिघडू द्या. तुमी दुरुस्त करू नका म्हंजी झालं," सुमंगला म्हणाली.

भट्टी मूळची गार्डसाहेबाच्या मडमेची. साहेबाची बदली झाली, सामान मालगाडीच्या डब्यात, वाघिणीत, चढवायचं काम वीरुपाक्षाकडे आलं, आणि पियानो चढल्यावर भट्टीला जागा उरली नाही. मडम म्हणाली, बाबू, तू ठेव. कमरेएवढी उंच, जाड पत्र्याची पेटी. खाली भोकाभोकांचा तळ, त्यावर कोळसे. तळाखाली राख झेलायचा खण. वर दाराचा कप्पा, त्यात बिस्किटं भाजायची. माथ्यावर तवा ठेवा नाहीतर पातेलं. पाठीमागून एक आखूड नळी निघून खिडकीकडे तोंड करून थांबलेली. कोळसा नीट पेटला की धूर त्या नळीतून मुकाट बाहेर जायचा.

वीरुपाक्षाला ती नळी पाहताक्षणी आपली आई आठवली. यात आईचा अपमान नाही. मल्लम्मा राणीसावरगावला राहायच्या, आणि क्वार्टरांबद्दल त्यांची एकच तक्रार होती: स्वयंपाकघर काडेपेटीएवढं, चुलीच्या धुराला बाहेर जायला वाट नाही, आणि पोरीला खोकला. मागच्या खेपेला हेमा त्यांच्या मांडीवर खोकून खोकून लालबुंद झाली होती. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "दिवाळी झाली की मी येते. धूर असंल तर सुनेला अन् पोरीला घेऊन जाते. तू खा खानावळीत." हे त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या. मल्लम्मा रागावत नसत, सांगत असत, आणि त्यांनी सांगितलेलं अजून कुणी फिरवलेलं नव्हतं.

सुमंगलाला गावाचं वावडं नव्हतं. पण या दोन खोल्यांत तिला पहिल्यांदा कमरेला खोचायला स्वतःची किल्ली मिळाली होती. गुदाम बंद करून येताना नवरा सिग्नलपासून शीळ घालायचा आणि हेमा हातातला घास टाकून दाराकडे पळायची. पोरीला दोघांच्या मध्ये झोपायची सवय लागली होती, एक पाय बापाच्या पोटावर टाकून. हे सगळं आता एका नळीवर येऊन ठेपलं होतं.

भट्टी आली त्याच दिवशी वीरुपाक्षानं आईला कळवून टाकलं, की बिनधुराची चूल आणली आहे, अगदी नवी, कारखान्यातून आलेली. मग कुदळ घेऊन त्यानं जुनी चूल फोडली. एका घरात दोन चुली दिसल्या की भाऊ वेगळे निघाल्यासारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं. तो एकुलता एक होता, वेगळा निघणार कुणापासून, हे विचारेपर्यंत चुलीचा ढिगारा परसात गेला होता.

भट्टी नवी नव्हती, एवढंच असतं तर चाललं असतं. पण मडमेकडे त्या कप्प्यात दर रविवारी कोंबडी भाजली जायची, हे साऱ्या क्वार्टरांना गाड्यांच्या वेळांपेक्षा पक्कं माहीत होतं. आणि ती भट्टी येऊन उभी राहिली ती लिंगायताच्या स्वयंपाकघरात, जिथं लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाण्याच्या घोटालाही शिवत नाही. शेजारी बैठक भरली. शेजारी म्हणजे टिकटबाबूचे वडील किशनराव. तहसिलीत पेशकार होते, आता पेन्शन घेत आणि आपली कचेरी, आपला इजलास, ओसरीवर भरवत. त्यांचा निकाल असा, की लोखंड विस्तवानं शुद्ध होतं, भट्टीत तर रोज विस्तव, सबब प्रश्न मिटला. त्यांच्या पत्नी कस्तुराबाईंनी तो निकाल जागेवर फिरवला. कोंबडी भाजली कुणी, विस्तवानंच ना, मग जो कटात सामील त्याचीच साक्ष कशी धरायची? पेशकारसाहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि नोकरीत असतानाही असं कुणी बोललं नव्हतं असं काहीसं पुटपुटले.

सुमंगला निकालासाठी थांबली नाही. तिनं चिंच आणि राखेनं भट्टी घासली, गोमूत्र शिंपडलं, आणि शेणात पांढरी माती कालवून ती सारवली. बाहेरून सारवली, आतून सारवली, कप्पा सारवला, दार दोन्ही अंगांनी सारवलं, कोळसे बसतात तो तळ सारवला. वर दाराच्या कपाळी विभूतीची तीन बोटं ओढली. भट्टी एकदम शहाण्या घरची दिसू लागली. तेव्हापासून आंघोळ झाली की पूजेआधी, हेमा उठायच्या आत, एक पातळ हात फिरवायचा हा नेम. चूल ती चूल. ती पत्र्याची आहे म्हणून काही पारोशी ठेवायची नसते.

आणि सुमंगलाचं सारवणं म्हणजे बघण्यासारखं. मल्लम्मा कुणाची तारीफ करत नसत; पण एकदा पाहुण्यांसमोर त्या बोलून गेल्या होत्या, की आमच्या सुनेच्या सारवणात बोटं उमटत नाहीत. त्या एका वाक्यावर सुमंगलानं सासरचं पहिलं वर्ष काढलं होतं.

सुरुवातीला भट्टीनं घराचं नाव काढलं. नानकटाया अशा निघायच्या की बोट लावलं तर विरघळतील. ताटं भरभरून सगळ्या क्वार्टरांत गेली. कोंबडीचा विषय कुणी काढला नाही. किशनराव तर पहिल्या नानकटाईचा निकाल राखून ठेवून दुसरी मागवत.

मग लक्षणं दिसू लागली.

पहिलं लक्षण, नानकटाया एकीकडून बदामी आणि दुसरीकडून पांढऱ्या राहायला लागल्या. वीरुपाक्ष म्हणाला, ताट फिरवत जा. मग वेळ लागायला लागला. आंघोळीला जाताना आत ठेवलेलं पूजा आटोपली तरी कच्चंच. तो म्हणाला, कोळसा ओला असंल. मग कोळसे धरेनात, फुंकणी आणावी लागली, आणि फुंकणीनं फुंकताना सुमंगलाला वाटलं, हे तर जुन्या चुलीपाशी करत होतोच की आपण. मग दार नीट बसेना. मग त्या न बसणाऱ्या दारातून धुराची एक बारीक शेंडी निघायला लागली. एकच गोष्ट चांगली होत होती: राखेचा खण पूर्वी रोज भरायचा, तो आता जवळजवळ रिकामा निघे. वीरुपाक्षाला त्याचं फार कौतुक. "राख उरतच न्हाई बघ. सगळा कोळसा कामी लागायलाय." तो खण त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला ओढून दाखवला.

आणि आता ही टक् टक्.

किशनरावांनी ओसरीवरूनच निदान केलं, की नळी आखूड आहे. इंजनाचं धुराडं पाहा, आणि हिची नळी पाहा. मोठ्या माणसानं दाखला रेल्वेच्या अंगणात राहून रेल्वेचा दिलेला, तो मालबाबूला खोडता येईना. डबे ठोकणाऱ्या भुजंगाला बोलावलं. भुजंगाचा एक गुण असा की तो कुठल्याही कामाला नाही म्हणत नसे, आणि कुठलंही काम मापून करत नसे. रॉकेलचे डबे कापून त्यानं नळीला नळी जोडली, ती खिडकीतून बाहेर काढली, भिंतीला वळवली आणि छपराकडे सोडली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, की क्वार्टरनं सोंड उचलून आरोळी ठोकली आहे.

भट्टी पेटवली. बराचसा धूर घरातच राहिला. थोडा नळीत शिरला तो प्रत्येक जोडातून, बासरीतून सूर निघावेत तसा निघाला. आणि जो काही टोकापर्यंत पोचला तो कस्तुराबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरला. कस्तुराबाई भांडल्या नाहीत. त्यांनी नानकटायांचं ताट परत पाठवलं, रिकामं. शेजारचं ताट रिकामं परत येणं म्हणजे काय, ते ज्या घरांत ताटं जातात-येतात त्यांना सांगायला नको. तिथं निदान चार दाणे साखर तरी टाकायची असते. सुमंगला ते ताट हातात घेऊन उभी राहिली आणि तिला रडूच आलं. धूर होताच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भुजंगानं सगळीकडे हात लावले होते, पायही लावले होते. दुसऱ्या दिवशी तिनं भट्टी नव्यानं सारवली, आतून जरा जाडच.

आता सरकारी भिंतीवर नळी चढली, तर सरकारला दिसणारच. इमारतींची देखरेख करणारे एक साहेब ट्रॉलीवरून चालले होते, ते ट्रॉली थांबवून बघत राहिले. ही कुणाच्या इजाजतीनं? वीरुपाक्षाकडे इजाजत नव्हती. किशनरावांना मात्र फार दिवसांनी अंगात रक्त फिरल्यासारखं झालं. धोतर बदलून, टोपी घालून, दौत मागवून ते तेव्हाच्या सरकारी रिवाजानं उर्दूत अर्ज, म्हणजे दरख्वास्त, लिहायला बसले. अशा दरख्वास्तीत आधी सरकारच्या उमर-दौलतीची दुआ मागायची असते, मग आपण किती नाचीज आहोत ते कबूल करायचं असतं, आणि भट्टीचा उल्लेख येईपर्यंत वाचणारा जेवायला उठून जातो.

इमारत खात्याचा जबाब आला, की ज्या चीजेला लोखंडी अंग, पोटात आग आणि वर धुराडं आहे, ती तामिरात, म्हणजे बांधकामात, धरता येत नाही. इंजन खात्याकडे जावं. इंजन खात्यानं विचारलं, की चाकं किती? चाकं नाहीत म्हटल्यावर त्यांनी कागद इमारत खात्याकडे परत धाडला. स्टेशनात तोवर बातमी पसरली होती. पॉइंटमन हिरवा बावटा घेऊन वीरुपाक्षाला आदबीनं विचारायचा, की मालबाबू, तुमचं इंजन कधी सुटायलंय? वीरुपाक्ष हसून दाखवायचा. घरी आल्यावर हेमाशीसुद्धा जरा घोगऱ्या आवाजात बोलायचा. सुमंगलाला त्याची दया यायची आणि ती दाखवली तर त्याला आणखी लागेल म्हणून ती त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवायची.

शेवटी मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, एक कारकून आला. त्यानं खिडकीतून नळी पाहिली, बाहेर जाऊन टोक पाहिलं, भट्टी पेटवायला लावून पुन्हा टोक पाहिलं. मग खोकत खोकत दोन कच्च्या नानकटाया खाल्ल्या आणि शेरा मारला: नळीतून धूर निघत नाही, सबब नळीबद्दल हरकत नाही.

इजाजत अशी मिळाली. किशनरावांनी तो आपल्या कलमाचा विजय मानला.

दिवाळी झाली. मल्लम्मांचा निरोप आला, की येते. हेमाचा खोकला परत सुरू झाला होता. सुमंगला तिला परसात बसवून स्वयंपाक करायची आणि दर मिनिटाला डोकावून पाहायची. वीरुपाक्षानं आता नवं निदान काढलं, की जोड फटीचे आहेत, भट्टीला कुठं कुठं बारीक फट पडली आहे, त्या सगळ्या बुजवल्या पाहिजेत. म्हणजे पुन्हा सारवणच. सुमंगलानं ते मनापासून केलं. माणूस घाबरलं की त्याला जे चांगलं जमतं तेच ते जास्त करायला लागतं. सासूबाई येणार त्या दिवशी पहाटे तर तिनं असा हात फिरवला, की भट्टीत तोंड दिसावं.

मल्लम्मा सकाळच्या गाडीनं उतरल्या. त्यांनी पाय धुतले, पूजा केली, हेमाला मांडीवर घेऊन तिच्या छातीला कान लावला, आणि मग स्वयंपाकघरात आल्या. भट्टीकडे पाहिलं, विभूतीकडे पाहिलं, सारवणावरून एक बोट फिरवून पाहिलं.

"सारवण बरं हाय," त्या म्हणाल्या. "पेटव."

सुमंगलानं पेटवली. त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन करायला दिसायला तर पाहिजे. धूर दारातून आला, जोडांतून आला, माथ्यावरून आला. नळीतून तेवढा आला नाही. मांजर गेलं. वीरुपाक्ष "ही पहिली वाफ असती, मग बसती" असं सांगत सांगत पाठीमागे सरकत परसात पोचला. किशनराव सल्ला द्यायला दाराशी आले होते, ते सल्ला न देता परत फिरले. हेमा खोकायला लागली, आणि सुमंगलानं तिला उचलून बाहेर नेऊन बापाकडे दिलं. परत आली तर धुरात मल्लम्मा होत्या तशा पाटावर बसलेल्या. खोकल्या नाहीत. डोळ्यांना पदरही लावला नाही.

"गाठोडं बांध," त्या म्हणाल्या. "सांजच्या गाडीनं निघू."

वीरुपाक्षानं खिडकीतून तोंड घालून काही सांगायचा प्रयत्न केला. "अव्वा, ह्याचं कारण असंय…"

"कारण लेकराच्या छातीत ऐकलं मी. तू खानावळ बघून ठेव."

सुमंगला आतल्या खोलीत गेली आणि लुगडं पसरून त्यात पोरीची झबली टाकायला लागली. हेमा मदतीला आली. तिनं आपली बाहुली आणली, मग वाटी आणली, मग कोपऱ्यातून बापाची पायताणं दोन हातांत धरून आणली आणि गाठोड्यात नीट ठेवली. सुमंगलानं ती काढून बाजूला ठेवली. पोरीनं ती परत ठेवली. तेव्हा मात्र सुमंगलाला तिथं बसवेना. ती उठून स्वयंपाकघरात आली, कारण काही झालं तरी विस्तव-राख तशीच टाकून घर सोडायचं नसतं.

मल्लम्मा हेमाला घेऊन परसात बसल्या होत्या. भट्टीत अर्धमेले निखारे धुमसत होते. सुमंगलानं उलथणं घेतलं आणि ते तळावरून रेटलं. ते कशाच्या तरी कडेखाली अडकलं. तिनं जोर लावला, अगदी रागानं. जो राग नवऱ्यावर काढता येईना, सासूवर काढायचा नव्हता, तो सगळा त्या उलथण्यावर आला. आणि कडकन काहीतरी सुटलं. भाकरीएवढी, पण चांगली जाड, भाजून विटेसारखी झालेली एक खपली निखाऱ्यांसकट वर आली.

भस्सकन राख खालच्या खणात पडली. खालून वाऱ्याचा एक झोत आत ओढला गेला, आणि मागे राहिलेले निखारे तिच्या डोळ्यांदेखत लाल झाले, मग नारिंगी झाले. धूर जरा घुटमळला आणि मागे वळून मुकाट नळीत शिरला. बाहेरून किशनरावांचा आवाज आला, की निघाला, टोकातून निघाला. वीरुपाक्ष काय झालं ते पाहायला आत धावला, आणि काय झालं ते न कळल्यामुळे, "मी म्हणलं होतं की!" असं म्हणाला.

सुमंगलानं खपली पालथी करून पाहिली. खालच्या अंगाला भोकांचे उंचवटे, एकाशेजारी एक, कुरडईच्या साच्यासारखे. कडेला थरावर थर. एकेक थर म्हणजे तिची एकेक पहाट होती. भट्टी बिघडलीच नव्हती. सुमंगलाच रोज भट्टीचं नाक दाबत होती, आणि तिचा नवरा गावभर सांगत होता, की राख उरतच नाही.

तिनं तळाचे आणि दाराच्या कडांचे उरलेले थर खरवडले, भोकं मोकळी केली, आणि नानकटायांचं ताट आत सरकवून दार लावलं. दार टच्च बसलं. थोड्याच वेळात सगळ्या क्वार्टरभर वेलदोड्याचा आणि तुपाचा असा वास सुटला, की कस्तुराबाई अबोला विसरून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. सुमंगलानं पहिलं ताट त्यांच्याकडे दिलं. ते परत आलं तेव्हा त्यात कुरडया होत्या, जरा काळसर.

मल्लम्मा पाटावर बसून नानकटाई खात होत्या. एक संपली, दुसरी हातात होती. हेमा मांडीवर, तोंडभर चुरा, खोकला नाही. खपली मध्ये ठेवली होती आणि सगळे तिच्याभोवती बसले होते.

"चूल बाहेरून सारवतेत," मल्लम्मा म्हणाल्या. "आतून, तळाला, रोज कशापायी सारवलीस बाई?"

सुमंगला दमली होती, सुटली होती, आणि मनातून जरा फुशारलीही होती. ती सरळ बोलून गेली, "आत्याबाई, कोंबडी आतच भाजायचे ना ते लोक."

मल्लम्मांचा जबडा थांबला.

वीरुपाक्ष छपराच्या वाशांकडे पाहू लागला. किशनरावांना एकाएकी आठवलं, की आपलं घरी काम आहे. नव्या, कारखान्यातून आलेल्या चुलीची सगळी गोष्ट त्या शांततेत एकेक पान उलटावं तशी उलटत गेली, आणि कुणी न सांगता मल्लम्मांना ती कळत गेली असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. सुमंगलाला वाटलं, आता ते गाठोडं बांधायचंच.

मल्लम्मांनी खपली उचलली. कडेचा एक तुकडा मोडून बोटांत चुरडला. थर पाहिले.

"रोज सारवलीस?"

"आली त्या दिवसापासून."

"खाडा?"

"एक बी न्हाई."

त्यांनी तो तुकडा परत ठेवला. मग म्हणाल्या, "एवढ्या सारवणाखाली हत्ती भाजला असता तरी शुद्ध झाला असता," आणि हातातली नानकटाई तोंडात टाकली.

वीरुपाक्षाला वाटलं आपण वाचलो. पण त्या त्याच्याकडे वळल्याच. "अन् तू. नवी म्हणला होतास."

"कारखान्यातून आली हे खरंच हाय की, अव्वा."

त्यावर त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यानंतर वीरुपाक्षानं बरेच दिवस कशाचंही निदान केलं नाही. सुनेला मात्र म्हणाल्या, "राहा मग हितंच. धूर न्हाई तर मी कशाला नेऊ? पण बाहेरूनच सारव."

सुमंगलानं गाठोड्यातलं सामान बाहेर काढलं. वीरुपाक्षाची पायताणं त्यात तशीच होती.

मल्लम्मा दोन-चार दिवस राहिल्या. भट्टीसमोर पाट टाकून बसायच्या, नळीकडे पाहत. एकदा त्यांनी स्वतःच्या हातानं ताट आत सरकवलं आणि दाराला कान लावून वाट पाहिली. टक् टक् आवाज होतच होता. पत्रा तापतो-निवतो तेव्हा तसा होतोच, हे एव्हाना सगळ्यांना समजलं होतं.

निघायच्या दिवशी सगळे त्यांना गाडीवर पोचवायला गेले. गंगाखेडपर्यंत गाडी, पुढं छकडा. सुमंगलानं नानकटायांचा डबा दिला. मल्लम्मा खिडकीशी बसल्या आणि उन्हाचा कवडसा त्यांच्या तोंडावर पडला तेव्हा सुमंगलाला दिसलं, की त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल आहेत, आणि पापण्यांना केस जवळजवळ नाहीतच. इतक्या वर्षांत तिनं त्या डोळ्यांकडे कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"थांबा की आत्याबाई आणखी," ती म्हणाली.

"कसं थांबू बाई? चूल गार पडली असंल. कोण फुंकणार?" त्यांनी हेमाच्या गालाला हात लावला. गाडी हलली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत हेमा मायच्या कडेवरून हात हलवत राहिली. मग हात खाली घेतला आणि पदराचं टोक पकडलं.

"माय, आज्जीच्या घरी लय धूर हाय ना?"

"हाय."

पोरीनं रिकाम्या रुळांकडे बोट केलं.

"मग आज्जीला न्यायला कोण येणार?"